दसऱ्याच्या प्लेटा

आमच्या एक्स-रे सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी इंग्रजीतला एक चौकोन उघडायचा आणि काका तो बंद करायचे. आधी कॉम्प्युटर सुरू, मग उदबत्ती, मग तो चौकोन बंद, मग पहिल्या पेशंटचं नाव. पुण्यातली नोकरी सोडून मी उमरग्याला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी सेंटरवर जाऊन बसले, तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. चौकोनात काय लिहिलंय ते वाचायच्या आत तो गेला होता.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"रोज येतं ते," काका म्हणाले. "जाहिरात असंल."

मी पुढं काही विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही. शाळेतही शंका तशीच ठेवून मार्क घालवणं मला हात वर करण्यापेक्षा सोपं वाटायचं. शिवाय त्या दिवसांत घरात कुणी मला काही विचारू नये असं मला वाटत होतं, आणि म्हणून मीही कुणाला काही विचारत नव्हते.

काका माझे सख्खे काका नाहीत. पप्पांनी हायवेलगत हे सेंटर सुरू केलं तेव्हापासून ते तिथं एक्स-रे काढतात, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. पप्पा प्लेट वाचतात आणि रिपोर्ट लिहितात. पण पेशंटला उभं करणं, हनुवटी वर, खांदे पुढं, श्वास धरायला लावणं, हे सगळं काकांचं. सीमेपलीकडून आलेल्या म्हाताऱ्यांना ते कानडीत "उसिरु हिडीरी", म्हणजे श्वास धरा, म्हणतात, ट्रकवाल्यांना हिंदीत दम देतात आणि आपल्याकडच्यांना म्हणतात, "धरा दम. जसं काय बायकूनं हाक मारली आन् तुमी आइकली न्हाय." माणूस हसू दाबतो आणि श्वास आपोआप धरला जातो.

त्यांची एक पद्धत होती. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, झेंडूची माळ, हळदीकुंकू, नारळ. त्या दिवशी मशीन बंद. दसऱ्याला सकाळी ते पुन्हा सुरू करायचं आणि पहिली प्लेट काढायची ती काकांच्या स्वतःच्या छातीची. बटण दाबायला पप्पांना बोलवायचे.

"अहो, कशाला उगाच किरणं घेता अंगावर?" पप्पा दर वर्षी म्हणायचे.

"साहेब, वर्साला एक. बोहनी काय पेशंटावर करायची व्हय?"

प्लेट स्क्रीनवर आली की काका बघायचे काळं किती काळं आलंय, पांढरं किती पांढरं, फासळ्यांच्या कडा नीट आहेत का. मशीन ठीक आहे म्हणायचे, पेढे वाटायचे आणि ती प्लेट वेगळी ठेवून द्यायचे. फिल्मवर कधी छापली नाही, कारण फिल्म पेशंटसाठी. रिपोर्टही नाही, कारण रिपोर्ट पेशंटचा असतो.

कॉम्प्युटरवर हे सगळं कुठं राहतं ते सांगायला हवं. मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये प्लेटा फक्त महिनाभर राहतात, मग आपोआप पुसल्या जातात. त्याआधी त्या टेबलाखालच्या एका काळ्या डब्यात जातात. त्या डब्यात दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तेच ते. एक गेली तरी दुसरी असावी म्हणून. आणि दोन्ही गेल्या तर असावी म्हणून तिसरी एक छोटी डिस्क बाहेरून वायरीनं जोडलेली. डबा बसवायला सोलापूरहून आलेल्या माणसानं रोज रात्री डब्यातलं सगळं त्या छोट्या डिस्कवर उतरेल अशी सोय करून दिली होती. त्याला आता चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत छोटी डिस्क कुणी उघडून बघितली नव्हती. ती तिथं आहे, तिचा निळा दिवा लुकलुकतोय, एवढं पुरेसं होतं.

डब्यावर काकांनी कुंकवाचं बोट लावलेलं होतं. त्याच्या खाली दोन दिवे. एक हिरवा, एक नारिंगी. नारिंगी दिवा म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी इंजिनिअर आहे, ते कळायला मला मिनिटही लागलं नाही. पण सांगितलं तर ते काम माझ्याकडं येणार, मग पप्पा म्हणणार आता इथंच बस, सगळं तूच बघ, आणि मी अजून काही ठरवलेलं नव्हतं. म्हणून मी रोज पाय त्या डब्यापासून जरा लांब ठेवून बसत होते. असा एक महिना गेला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, काकांनाही नाही.

त्या महिन्यात काका खोकत होते. सुरुवातीला आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. हायवेची धूळ, त्यात रस्त्याचं काम चाललेलं. मग एका दुपारी पट्ट्याला नवीन भोक पाडायला म्हणून ते माझ्याकडं सुई मागायला आले. पॅंट घसरत होती. पप्पांनी रिपोर्टवरून मान वर केली, पट्ट्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उभे राहा प्लेटला."

"आता? दसरा लांब हाय की साहेब."

"उभे राहा म्हटलं ना."

बटण पप्पांनी दाबलं. प्लेट आली. उजव्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला, दोन फासळ्यांच्या मधे एक गोल डाग होता, चिंचोक्याएवढा.  पप्पांनी प्लेट मोठी केली, लहान केली, उजळ केली, पुन्हा काळी केली. काका शर्टाची बटणं लावत मागं येऊन उभे राहिले. आयुष्यभर प्लेटा बघितलेला माणूस. त्यांच्यापासून काय लपवणार?

"टीबीचा जुना व्रण असंल," काकाच म्हणाले. "लहानपनी लई आजारी व्हतो म्या."

"असेल," पप्पा म्हणाले.

सोलापूरच्या छातीच्या डॉक्टरांना पप्पांनी ती प्लेट मोबाइलवर पाठवली. त्यांचा फोन आला तेव्हा पप्पांनी स्पीकर चालू ठेवला. डॉक्टर घाईत होते, पण नीट बोलले. ते म्हणाले, डागाकडं बघून काही सांगता येत नाही. जुनी प्लेट हवी. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या प्लेटमध्ये हाच डाग एवढाच असेल तर तो व्रण आहे, घरी जाऊ दे. जुनी प्लेट नसेल तर आधी औषधं देऊन पाहू, तीन महिन्यांनी पुन्हा प्लेट काढू. पण डाग नवा असेल, वाढत असेल, तर तीन महिने थांबणं म्हणजे धोका. मग लगेच सुई घालून तुकडा काढायचा.

"जुनी प्लेट आहे का?" त्यांनी विचारलं.

काका एकदम हसले. "एक न्हाय साहेब, चार हायत. डबा आल्यापास्नं दर दसऱ्याची एक."

त्या क्षणी टेबलाखालचा डबा वाजला, एकच लांब शिटीसारखा आवाज. सगळ्यांनी खाली बघितलं. हिरवा दिवा अजून होता, पण लुकलुकायला लागला होता. आतून आवाज येत होता, टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. नखानं काचेवर वाजवावं तसा.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाखाली गेले.

एक डिस्क कधीच गेली होती. किती दिवस झाले ते डब्याच्या नोंदीत होतं आणि मला न वाचताही माहीत होतं. आता दुसरी चालली होती. मी एवढंच सांगितलं, "एक बंद पडलीय. दुसरी पण जातेय."

"बॅकप आहे ना?" पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. "बाहेरची डिस्क रोज रात्री भरते. ती काढ."

मी छोटी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. ती उघडली. आत पेशंटांचे फोल्डर ओळीनं होते आणि एक क्षण मलाही बरं वाटलं. मग तारखा बघितल्या. डबा आला त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंतचं सगळं होतं. त्यानंतर काही नव्हतं. मी खाली-वर केलं, पुन्हा उघडली. जवळजवळ साडेतीन वर्षांत तिच्यावर एक अक्षर उतरलेलं नव्हतं. निळा दिवा मात्र रोज लुकलुकत होता.

"रोज येतं ते" म्हणून काका जो चौकोन बंद करायचे, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचला. बॅकप अयशस्वी. त्याच्या खाली आदल्या दिवसाची ओळ, अयशस्वी. त्याच्या खाली त्याच्या आदल्या दिवसाची. मी बोटानं सरकवत गेले आणि ती यादी संपेना. प्रत्येक ओळीत कारण एकच होतं. एका फोल्डरचं नाव त्या डिस्कला मान्य नव्हतं, आणि जिथं अडेल तिथं थांबायचं असं त्या कामात ठरवून दिलेलं होतं. रोज रात्री ते सगळ्यांत जुन्या फोल्डरपासून निघायचं, त्या एका फोल्डरपाशी यायचं आणि थांबायचं. त्याच्या पुढचं सगळं तसंच.

ते फोल्डर काकांचं होतं.

काका कुठलाही कागद लिहायला घेतात तेव्हा वर मधोमध श्री लिहितात, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा मारून. पेशंटच्या वहीच्या प्रत्येक पानावर, किराणाच्या चिठ्ठीवर, माझ्या दहावीच्या हॉल तिकिटाच्या झेरॉक्सवरसुद्धा त्यांनी ते काढलं होतं. डबा नवीन आल्यावर पहिला दसरा आला, आणि पहिली प्लेट ठेवायला त्यांनी कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या डब्याच्या पानावर जाऊन स्वतः एक फोल्डर केलं. त्याला तसंच नाव दिलं: उभ्या रेघा, श्री, उभ्या रेघा, दसरा. रेघा कीबोर्डवरच्या. डब्यानं ते नाव घेतलं. बाहेरच्या डिस्कला ती रेघ नावात चालत नाही. तिच्या जातीच्या डिस्कला कधीच चालत नाही. इतकंच.

"काय झालंय?" काकांनी विचारलं. ते माझ्या खुर्चीच्या मागं उभे होते.

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण त्यांनी स्क्रीनवर स्वतःचं फोल्डर ओळखलं होतं.

"नावातल्या त्या रेघा," मी म्हणाले. "त्या डिस्कला त्या कळत नाहीत. म्हणून तिथं अडतं."

"श्री लिवलं म्हणून?"

"श्रीचं काही नाही काका. रेघा."

ते स्क्रीनजवळ वाकले. "म्हंजे चार वर्सं म्याच अडवून ठिवलं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?" पप्पा म्हणाले.

"रोज येत हुतं की साहेब. म्या रोज फुली मारत हुतो."

टक्, असा आवाज आला. यावेळी पुढचा टक् यायला उशीर झाला, आणि आम्ही तिघंही त्याची वाट बघत थांबलो.

आता त्या डब्यात जे होतं ते एका मरणाऱ्या डिस्कवर होतं, आणि ती किती वेळ चालेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. चार वर्षांचे सगळे पेशंट होते, आणि त्यात काकांच्या चार प्लेटा. डिस्क अशा अवस्थेत असली की जे आधी मागाल ते मिळतं, नंतरचं मिळेलच असं नाही. मी हे पप्पांना सांगितलं. त्या महिन्यात मी त्यांच्याशी एका दमात बोललेलं ते सगळ्यांत मोठं वाक्य असावं.

पप्पा विचारात पडले. काका मात्र पडले नाहीत.

"पेशंटांचं आदी काढा, अक्का," ते मला म्हणाले. "लोकांच्या जिवाचं हाय. माजं काय, हाय तो डाग दिसतोय की समोर."

"काका बरोबर म्हणतायत," पप्पा म्हणाले, पण ते काकांकडं न बघता म्हणाले.

मी "हो" म्हणाले. मग दोघांनाही दिसणार नाही असा लॅपटॉप थोडा वळवला आणि आधी काकांचं फोल्डर उघडलं.

डब्याच्या स्वतःच्या पानावरून ते उघडत होतं. आतल्या फायलींची नावं साधी होती, नुसते आकडे. अडचण फक्त बाहेरच्या नावाची होती. मी फोल्डरला हात लावला नाही, नावही बदललं नाही. त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहायला मला भीती वाटत होती. नुसत्या आतल्या चार फायली एकेक करून उतरवायला घेतल्या. एरवी एका फायलीला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ. त्या दुपारी पहिली फाईल सात मिनिटं घेत होती. पट्टी थोडी भरायची, थांबायची, डबा आत टक्टक् करायचा, मग पट्टी केसभर सरकायची.

दुसरी फाईल अर्ध्यावर असताना लाईट गेली. पंखा थांबला, बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज एकदम ऐकू यायला लागली. इन्व्हर्टरनं डबा धरून ठेवला होता, पण इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती. काकांनी ट्यूब बंद केली, पाण्याचा फिल्टर बंद केला, पप्पांच्या खोलीतला दिवा बंद केला. जेवढं डब्याला मिळेल तेवढं. तिथून ते बाहेर गेले आणि बाकावरच्या लोकांना सांगायला लागले, "लाईट न्हाय, बसा. पळून जाऊ नका, हाड मोडलेलं मानूस पळून कुटं जानार म्हना." एक बाई हसली. कुणीतरी खोकलं, आणि ते काका होते.

तिसरी फाईल आली. चौथीला डबा पुन्हा शिटीसारखा वाजला. मी लॅपटॉपच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले होते, त्यानं काही होणार नव्हतं तरी. चौथी आली. लगेच पेशंटांचे फोल्डर लावले, नवीनपासून जुन्याकडं. आठ महिने मागं जाईपर्यंत डिस्क चालली. मग टक् आलाच नाही. हिरवा दिवाही गेला. त्यामागची तीन वर्षं गेली. आजही कुणी जुनी प्लेट मागायला येतं तेव्हा मीच बाहेर जाऊन नाही म्हणते.

लाईट आल्यावर मी चार प्लेटा पप्पांच्या मोठ्या स्क्रीनवर ओळीनं लावल्या आणि पाचवी नवी. काय केलंय ते काकांना कळलं. ते फक्त म्हणाले, "आइकत न्हाय व्हय तू," आणि चष्मा शोधायला लागले.

पहिल्या दसऱ्याची प्लेट. उजवीकडं, वर, दोन फासळ्यांच्या मधे: काही नाही. स्वच्छ काळं.

दुसरी, काही नाही.

तिसऱ्या प्लेटवर पप्पांनी चेहरा स्क्रीनच्या जवळ नेला. आता कुठं बघायचं हे माहीत होतं म्हणून दिसत होतं. माहीत नसतं तर फासळीची सावली वाटली असती. तिथं किंचित राखाडी होतं.

चौथी, पाच महिन्यांपूर्वीची. तिच्यात डाग होता. लहान, पण गोल आणि ठळक. पप्पांनी स्क्रीनवरची मोजपट्टी लावली. सात मिलिमीटर. पाचव्या प्लेटवर लावली. सोळा.

मला आठवलं, त्या दसऱ्याला मी सुट्टीला घरी आले होते. हीच प्लेट ह्याच स्क्रीनवर आली होती आणि मी मागं उभी राहून पेढा खात होते. काकांनी फासळ्यांच्या कडा बघितल्या होत्या. पप्पांनी बटण दाबलं होतं. आम्ही तिघंही बघत होतो.

"मी बघितली कशी नाही?" पप्पा म्हणाले. त्यांचा हात अजून मोजपट्टीवर होता.

"साहेब, ती पूजेची व्हती," काका म्हणाले. "पूजेची प्लेट कोन वाचतंय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पप्पांसाठी टोमणा असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं सोलापूरला गेलो. पप्पांनी सेंटर बंद ठेवलं. खंडेनवमी सोडून ते कधी बंद नसतं. पाची प्लेटा छोट्या डिस्कवर घेऊन ती मी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती आणि प्लेटांच्या आणखी दोन नकला वेगवेगळ्या पिशव्यांत होत्या. नळदुर्गच्या पुढं काकांना खोकल्याची उबळ आली तेव्हा समोरच्या माणसानं खिडकी उघडली. काका त्याला म्हणाले, "लावा, लावा. तुमचं केस विसकटंल." तो माणूस टकला होता. पूर्ण बस हसली, काकाही हसले, आणि पप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी पाची प्लेटा दोनदा बघितल्या. मग खुर्ची मागं घेतली.

"बरं झालं ह्या आणल्यात," ते म्हणाले. "नसत्या तर मी तीन महिने औषधं दिली असती. आता थांबायचं नाही. परवा सुई." त्यांनी चौथी प्लेट पुन्हा उघडली. "ही दसऱ्याची ना? दर वर्षी इतकी व्यवस्थित प्लेट काढलीय. ह्यांचे रिपोर्ट कुठं आहेत?"

पप्पांनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला आणि परत ठेवला. मी डिस्कची वायर गुंडाळत होते.

"रिपोर्ट न्हायत, साहेब," काका म्हणाले. "परवा उपाशी यायचं का खाऊन यायचं, तेवढं सांगा."

"उपाशी," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर वेळ लिहायला लागले.